मूठभर कोंडा

केकवाल्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा मालनबाई हॉलमध्ये सतरंजीवर बसून ओटीचे तांदूळ निवडत होत्या. निवडण्यासारखं त्यांत काही नव्हतं. पाकिटातला तांदूळ, खडा औषधालाही सापडायचा नाही. पण घरात बारसं आहे आणि आपल्या मांडीवर सूप नाही, हे त्यांच्या जिवाला मानवण्यासारखं नव्हतं. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला माळ्यावरून उतरणारं सूप आज त्यांनी मुद्दाम खाली काढायला लावलं होतं.

"दादा, सांगतो ना," नितेश फोनवर काकुळतीला आला होता. "तू वरचं लिहून घे, खाली जागा सोड. किती जागा? अरे, मला काय माहीत किती अक्षरी आहे!" त्यानं फोन खिशात टाकला. "आजी, वाट लागली. तो म्हणतो, नाव सांगा नाहीतर तसाच नेऊन खा."

"मग खाऊ तसाच," मालनबाई म्हणाल्या. "केकाच्या पोटात शिरून कोण वाचणाराय?"

बोलल्या खऱ्या, पण त्यांचं लक्ष आतल्या बंद दाराकडे होतं. दाराआड जान्हवी होती, आणि तिच्या कुशीत ती तीन महिन्यांची चिमणी. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं. पण बाराव्या दिवशी ही पोर इस्पितळात काचेच्या पेटीत होती. सातव्या महिन्यातच आली. तळहाताएवढी. घरी आली, अंग धरलं, आता मूठ वळून ओरडतेही झकास. म्हणून शुभानं आजचा रविवार धरला. पाळणा भाड्यानं आला, सोसायटीतल्या बायकांना निरोप गेले, हरभरे भिजले. सगळं जमलं, फक्त नाव जमलं नाही. जी ती नावं सुचवी आणि जान्हवी म्हणे, "बघू."

"तिच्या त्या 'बघू'नं माझं डोकं उठलंय," स्वयंपाकघरातून शुभा म्हणाली. हातातला झारा तसाच घेऊन ती बाहेर आली. "पंधरा दिवस मी नावं सांगतेय. नवी सांगितली, जुनी सांगितली. सून म्हणते, बघू आई. संध्याकाळी आत्या काय कानात 'बघू' म्हणणार आहे?"

"मी म्हणेन," ऋतिका म्हणाली. ती सांताक्रूझहून नुकतीच पोचली होती आणि पिशवीतून भाचीची कुंची काढून तिची झालर सरळ करत होती. आत्याच्या मानाची कुंची. लाल खणाची, डोक्यापासून पाठीपर्यंत बाळाला झाकणारी. "बघू परब. काय वाईट आहे? मोठेपणी सरकारी नोकरीत बढती मिळेल."

"तुला चेष्टा सुचतेय."

"अगं आई, मग काय रडू? बाबा, तुम्ही सांगा नाव."

शिवदास स्टुलावर चढून पाळण्याच्या कमानीला झेंडूची माळ बांधत होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरात त्याला क्वचितच कोणी काही विचारी. त्यामुळे प्रश्न आला की तो मन लावून उत्तर देई. "वत्सला," तो म्हणाला. "आमची वत्सलामावशी यायची ना, आधी तिच्या अबोलीच्या गजऱ्याची शेपटी दारातून दिसायची, मग मावशी. तिच्या पिशवीत खाजं असायचं. अजून मला वत्सला म्हटलं की दाताखाली आल्याचा तिखटपणा लागतो."

"मला वत्सला म्हटलं की शिवणाच्या बाई दिसतात," शुभा म्हणाली. "काज वाकडं गेलं की अख्खं उसवायला लावायच्या. नको गं बाई. पोरीला हाक मारायची आणि माझंच बोट दुखायचं."

"आणि बाबा, वत्सला बाळ कसं असेल?" ऋतिकानं विचारलं. "वत्सला जन्मालाच पन्नाशीची येते. सुती पातळ, कनवटीला किल्ल्या. तिला लंगोट कसा बांधायचा?"

नितेश मोठ्यानं हसला. "इंदुमती पण तशीच. इंदुमती म्हटलं की कोणीतरी चष्मा पुसतंय असं वाटतं. प्रमिला म्हणजे सांडगी मिरची. कुमुदिनी म्हणजे पेटी वाजवणारी."

"भाता फाटलेली पेटी," ऋतिका म्हणाली. "पण तुम्हाला माहितेय का, जुनी नावं परत आली आहेत. आमच्या ऑफिसात कालिंदी आहे. चोवीस वर्षांची. मानेवर टॅटू."

"मग कालिंदी ठेवा," शिवदास स्टुलावरून म्हणाला.

"अहो, कालिंदी माझ्या आत्तेसासूंचं नाव!" शुभा दचकून म्हणाली. "उद्या पोरगी चावली, सांडलं, तर ओरडू कशी? 'कालिंदे, थांब, देते एक रपाटा'? त्या वरून बघतील."

हेही खरंच होतं. मोठ्या माणसाचं नाव बाळाला ठेवायचं आणि मग सुनांनी ते उच्चारायचं नाही म्हणून बाळाला आयुष्यभर 'ताई' नाहीतर 'अक्का' म्हणायचं. मालनबाईंनी अशा कितीतरी अक्का पाहिल्या होत्या, ज्यांना स्वतःचं नाव फक्त लग्नपत्रिकेत भेटलं.

त्यांचे हात तांदळात फिरत होते, मन मात्र लालबागच्या चाळीत जाऊन बसलं होतं. मथुरा म्हटलं की त्यांच्या नाकात अजून सुक्या बांगड्याचा खमंग वास येई. मथुराबाईंची खानावळ जिन्याखाली होती आणि पाळी सुटली की गिरणीतली माणसं हात न धुताच पाटावर बसत. यमुना म्हणजे कळशी भरत आली की बदलणारा तो आवाज, कारण नळावर पहिली कळशी यमुनेचीच. सगुणा म्हणजे पहाटे जिन्यावर वाजणारी जोडवी. गोदावरी म्हणजे पाठ. एवढी रुंद, मायाळू पाठ, की गॅलरीतल्या कीर्तनाला तिच्यामागे बसलं तर बुवा दिसायचे नाहीत. पण ऐकू तर यायचे! आणि गोदावरी मधूनच मागं वळून, डोळे पुसत म्हणायची, "काय बोलले गो, ऐकलंस?"

बुवांनीच त्या गॅलरीत अजामिळाचं आख्यान लावलं होतं. साऱ्या जन्माचा पापी, पण धाकट्या लेकाचं नाव नारायण. मरताना भिऊन लेकाला हाक मारली आणि वैकुंठातून विमान आलं. म्हणून देवाचं नाव ठेवावं, बुवा सांगायचे. दिवसभर पोराच्या मागं ओरडलात तरी जप होतो. मालनबाईंच्या नवऱ्यानं, गुणाजींनी, तेव्हाच ठरवलं, लेक झाला तर शिवदास. मालनबाई त्या रात्री झांजांच्या आवाजात माना डोलवत बसल्या होत्या खऱ्या, पण पोटात एक काटा रुतून राहिला होता. ज्याच्या नावात देव नाहीच, त्यानं काय करायचं?

आतलं दार उघडलं. जान्हवी बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. केस विंचरलेले नव्हते. हिरवी साडी नेसायची होती, ती अजून घरच्याच कुर्त्यात.

"ये, ये," शुभानं झारा मागं लपवला. "आता हे बघ. गुरुजी म्हणाले, त अक्षर चांगलं. तारामती ठेवू. जुनंही आणि गोडही."

"तारामतीला स्मशानात उभं राहावं लागलं होतं," शिवदास पुटपुटला.

"अहो, तुम्ही माळ बांधा!"

जान्हवीचा चेहरा मात्र त्या एका शब्दानं पांढरा पडला. तिनं बाळाचं डोकं तळव्यानं झाकलं. "नको, आई."

"मग तूच सांग. कोणतंही सांग. माझी ना नाही."

"आपण... थोडे दिवस थांबलो तर? बारसं नुसतं करू. पाळण्यात घालू. नाव नंतर."

पाळण्याची कडी तेवढी कुरकुरली.

"नावाशिवाय बारसं?" शुभाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि शुभाचा आवाज खाली गेला की घरात सगळे सावध होत. "जान्हवी, इस्पितळाच्या पायऱ्या मीही झिजवल्यात गं. डबे घेऊन. मी कधी काही मागितलं का? एवढी एक हौस. माझं सुचवलेलं नकोच असेल, तर तसं म्हण."

"तसं नाही आई..."

"आई, जाऊ दे ना," नितेश म्हणाला, पण बायकोकडे न बघता. मग हळूच बहिणीकडे वळला. "ऋतू, तूच काहीतरी ठरव यार. आत्याचा हक्क आहे. तू कानात सांगशील ते फायनल."

"मी? तिच्या आईला न विचारता?"

"मी म्हणते, तसंच करा," शुभा म्हणाली. आणि शिवदाससुद्धा, एरवी सुनेची बाजू घेणारा शिवदास, स्टुलावरून म्हणाला, "हो, म्हणजे... पाहुणे तर येणार. काहीतरी म्हणायला हवंच ना, बाळा."

जान्हवीनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

मालनबाईंनी सुपातले तांदूळ परातीत ओतले. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. रिकामं सूप तसंच काखेत मारून त्यांनी आतल्या दारावर टिचकी मारली. "मी गो. म्हातारी."

जान्हवी पलंगाच्या कडेला बसली होती. बाळ मध्ये, दोन उशांच्या कुंपणात, हात डोक्यावर टाकून झोपलेलं. मालनबाई शेजारी टेकल्या. कीर्तनाला जाणाऱ्या माणसाला एक सवय असते: बुवा गप्प झाले की आपणही गप्प बसायचं, आलापानंतर काय येतं त्याची वाट बघायची. त्या तशा बसल्या.

"मागच्या वेळी आम्ही नाव ठेवलं होतं, आजी," जान्हवी म्हणाली. "पाचव्या महिन्यात. कोणाला सांगितलं नव्हतं. नितेशला वाटतं, मी विसरले. मी रोज हाक मारायचे तिला, पोटावर हात ठेवून. कामावर जाताना, पेशंटना चालायला शिकवताना. आणि मग..." तिनं ओढणीच्या टोकाला पीळ घातला. "ही झाली तेव्हा मी ठरवलं, मनातसुद्धा काही म्हणायचं नाही. तिथं पेटीवर पट्टी होती, 'बेबी ऑफ जान्हवी'. नर्स यायच्या, बेबी ऑफ जान्हवीचं दूध आणा, बेबी ऑफ जान्हवीचं वजन वाढलं. तेवढंच. आणि ती जगली ना, आजी. नाव नव्हतं म्हणून कोणाला सापडली नाही, असं वाटतं मला. मी वेडी आहे. दिवसभर लोकांना सांगते, घाबरू नका, पाय टाका. आणि मला एक नाव टाकता येत नाही."

"वेडी कसली? माझ्या आयशीसारखी आहेस."

जान्हवीनं मान वर केली.

"माझ्या आधीची भावंडं पाळण्यातनंच गेली," मालनबाई म्हणाल्या. "नावं बघ कशी होती! राजाराम. जानकी. लक्ष्मण. सगळं देवघरच मांडलं होतं माझ्या बापसानं. एकही वर्ष पुरं करून गेलं नाही. मग मी झाले, तेव्हा आईनं मला छातीशी धरलंच नाही. सुईणीच्या हातात दिलं आणि म्हणाली, 'ह्यां चेडू माजां न्हय. घेऊन जा.' सुईणीनं मला सुपात घातलं, उंबऱ्याबाहेर नेलं. आणि मग आई दारात आली, मूठभर कोंडा तिच्या पदरात टाकला आणि मला विकत घेतलं. कोंड्याच्या मोलानं आणलेलं, कोणाचं तरी टाकलेलं पोर. त्याच्यावर कोणाची नजर जाणार गो? यमाचा माणूस आलाच शोधत, तर त्याला सांगायचं, इथं धान्य नाही बाबा, कोंडा आहे." त्यांनी सुपाची कड बोटानं चाचपली. "म्हणून नाव ठेवलं, कोंडाबाई."

"कोणाचं?"

"माझं."

जान्हवीच्या हातून ओढणीचं टोक सुटलं.

"मालन मग झाले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तुझ्या आजेसासऱ्यांनी लिहिलं, मालन. वाचता येत नव्हतं मला. पण सगळ्या बायका म्हणाल्या, छान छान. थोरली नणंद म्हणाली, बरं झालं बाई, नाहीतर म्हशीनं खाल्ली असती. सगळी हसली. मीही हसले. आणि ते नाव असं खाली घातलं, की परत वर येऊ दिलं नाही. पाठच्या भावाला शपथ घातली, बाय म्हणायचं, नाहीतर मी माहेरी येणार नाही. मग एकट्या ह्यांच्याच ध्यानात राहिलं. गिरणीच्या संपाच्या वर्षी कोंड्याच्या भाकऱ्या थापल्या, तेव्हा ताटावर बसून हळूच म्हणाले, 'कोंडाबाई, कोंड्याचा मांडा केलास.' तेवढं एकदा."

बाळानं झोपेत ओठ हलवले. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"इथल्या देवळातल्या बुवांना मी एकदा विचारलं," मालनबाई म्हणाल्या. "प्रसाद घेताना. म्हटलं, ज्याच्या नावात देव नाही, त्याचं काय? नाव काय म्हणाले. मी सांगितलं. लाजतच. तर ते हसले नाहीत. म्हणाले, माउली, दाणा उघडा कधी असतो का? देवानं दाण्याला घातलेली कुंची म्हणजे कोंडा. तो आहे म्हणून दाणा शेतातून घरापर्यंत येतो." त्यांनी नातसुनेच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं खरं नाव असू दे तुझ्या पोटात. ती चालायला लागू दे, तुझा जीव थाऱ्यावर येऊ दे, मग काढ. तोवर माझं घे. वापरलेलं आहे, पण टिकाऊ आहे. ह्या वयापर्यंत आणलं मला."

जान्हवीला आधी रडू आलं आणि मग, त्या रडण्याच्या मधूनच, नाकातून फुसकन हसू फुटलं. "कोंडाबाई नितेश परब," ती म्हणाली. आणि पुन्हा हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी तो आवाज आला होता.

हॉलमध्ये मात्र कोणी हसलं नाही.

"कोंडाबाई?" शुभानं कपाळाला हात लावला. "आई, अहो सोसायटीच्या ग्रुपवर काय टाकू मी? लोकांच्या घरी कायकाय नावं, आणि आपल्या नातीचं... असलं नाव माणसाचं असतं का?"

"माझं आहे," मालनबाई म्हणाल्या.

शिवदास स्टुलावरून उतरला. हातातली माळ तशीच. "आये? मामा तर तुला बाय म्हणायचा."

"शपथ होती त्याला."

मग त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं; या वेळी उभ्या उभ्या, थोडक्यात. पेटीवरच्या पट्टीचं जान्हवीनं स्वतः सांगितलं, नितेशचा दंड धरून. त्या न जन्मलेल्या लेकीचं नाव तिनं उच्चारलं नाही. पण नितेश म्हणाला, "मी नाही विसरलो गं." शुभानं झारा टेबलावर ठेवला. पदरानं हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.

"मला वाटलं, माझी नावं आवडत नाहीत हिला," ती म्हणाली. कोणालाच नाही, झाऱ्याला. मग एकदम कामाच्या आवाजात: "पण कोंडा आणायचा कुठून? पीठ पाकिटातलं. चाळलं तर चाळणीत हवा उरते."

नितेश स्वयंपाकघरात गेला आणि झाकणाची मोठी बरणी घेऊन आला. "ओट ब्रान."

"म्हणजे?"

"म्हणजे... कोंडाच. ओट्सचा."

"रोज सकाळी दह्यात कालवून खातोस तो?" शुभा बघतच राहिली. "मला म्हणालास, सुपरफूड आहे! परदेशातून येतं!"

"आई, तुझा मुलगा गेलं वर्षभर गुरांचं खातोय," ऋतिका म्हणाली, आणि मग मात्र शिवदाससुद्धा भिंतीला टेकून हसला.

सुपात मऊ दुपटं घातलं. जान्हवीनं बाळाला त्यात ठेवलं. ऋतिकानं सूप उचललं, उंबरा ओलांडून बाहेर लिफ्टसमोर जाऊन उभी राहिली. घरातले सगळे दारात. मालनबाईंनी आईच्या तोंडून ऐकलेलं, आईनं सुईणीला म्हटलेलं ते वाक्य नातसुनेला सांगितलं.

"म्हण. हे पोर माझं नाही."

जान्हवीचे ओठ हलले. तिनं मान हलवली. "नाही होत, आजी."

तेव्हा शुभा पुढं झाली. सुनेचा हात तिनं आपल्या हातात घेतला, घट्ट. आणि लिफ्टच्या दाराकडे बघून, कोणी तिसराच तिथं उभा असावा तसं, ठणकावून म्हणाली, "हे पोर आमचं नाही. आम्हाला काही माहीत नाही. कोणाचं आहे, घेऊन जा."

"माझं नाही," जान्हवी म्हणाली. एवढंसं.

नेमकी तेव्हाच लिफ्ट उघडली. वरच्या मजल्यावरच्या शांताबाई, नऊवारी नेसून, हातात झबल्याचं ताट घेऊन, वेळेच्या आधी हजर. समोर सुपात बाळ.

"अगं बाई! हे काय?"

"पोर विकायला काढलंय, मावशी," ऋतिका म्हणाली.

"भाव काय?"

"मूठभर कोंडा."

शांताबाईंनी एकदा मालनबाईंकडे पाहिलं. दोघी म्हाताऱ्यांच्या नजरेत काय झालं कोण जाणे. शांताबाईंनी ताट जिन्याच्या कठड्यावर ठेवलं, कमरेवर हात घेतले आणि सुपात वाकून तोंड वाकडं केलं. "शी! असलं काळंबेंद्रं! नाक बघा, बटाटा! एवढं महाग कोण घेणार गं? अर्धी मूठ सांग."

"फिक्स रेट," ऋतिका म्हणाली. पण बाळानं तिचं बोट धरलं होतं. "वहिनी, लवकर घे हं. नाहीतर मी सरळ सांताक्रूझला नेईन, सांगून ठेवते."

जान्हवीनं बरणीत हात घातला. मूठ भरली, बोटांतून थोडा कोंडा सांडला. तो तिनं ऋतिकाच्या ओढणीत टाकला आणि सुपातून लेकीला उचललं. या वेळी तिनं बाळाचं डोकं झाकलं नाही.

"माझी आई भिकूबाई," शांताबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "देवाच्या दारात भीक मागून घेतलेली. नव्वद वर्षं जगली, दातांनी अक्रोड फोडायची."

नितेशच्या खिशात फोन वाजत होता. "हां दादा, लिही," तो म्हणाला. "कोंडाबाई. नाही, चेष्टा नाही. कोंडाबाईच. पुरेल ना जागा?"

संध्याकाळी हॉल भरला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बायकांनी बाळाला पाळण्याखालून वरून फिरवलं. लाल कुंचीतल्या त्या मुठीएवढ्या तोंडाशी ऋतिका वाकली, कानात कुर्र केलं, आणि तिच्या पाठीत बायकांचे धपाटे पडले. त्यात शुभाचा सर्वांत जोरात. नाव मोठ्यानं सांगितलं तेव्हा क्षणभर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कोपऱ्यातून कोणी म्हणालं, माझ्या आजीचं धोंडाबाई होतं; कोणी म्हणालं, आमच्या चुलत्यांना सगळे केरू म्हणत, उकिरड्यावर ठेवून उचललेले; आणि पाळण्याभोवती ती सगळी जगलेली माणसं आपापल्या ओबडधोबड नावांनिशी येऊन दाटीनं उभी राहिली. शुभा ज्याला त्याला सांगत होती, "हो, आमच्या आईंचं नाव. खूप जुनं आहे," आणि सांगताना अशी मान वळवत होती, की ऐकणाऱ्याला वाटावं, घराण्याचा दागिनाच दाखवतेय.

मालनबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. गर्दीत त्यांचा जीव गुदमरे. शिवाय घुगऱ्यांच्या वाट्या भरायला कोणीतरी हवंच होतं. हरभऱ्यांना खोबऱ्याचा वास सुटला होता. त्या एकेक वाटी भरत होत्या आणि ओठांतल्या ओठांत नेहमीचं नामस्मरण चाललं होतं. आज मात्र ते मधेच अडे, आणि अडलं की त्यांना पडवीतला दिवा दिसे, आईच्या हातांना लागलेला तांबडा कोंडा दिसे.

बाहेर बाळ रडायला लागलं. कोणीतरी खुळखुळा वाजवला, कोणी टाळी. मग सगळ्या आवाजांतून जान्हवीचा आवाज आला. आधी दबका, अंदाज घेणारा, जणू पाण्यात पहिलं पाऊल टाकणारा. आणि मग मोकळा, थेट गळ्यातून.

"कोंडू! ए कोंडू! कोंडू गं!"

"ओ!" मालनबाई म्हणाल्या.

हातातली वाटी तशीच राहिली. तो आवाज त्यांचा नव्हताच. शेणानं सारवलेल्या अंगणातून, परकराच्या ओच्यात काजूच्या बिया धरून धावत येणाऱ्या पोरीचा होता. त्यांनी पदर तोंडाला लावला. हॉलमधली गडबड क्षणभर थांबली होती. म्हणजे ऐकलं होतं सगळ्यांनी.

मग पुन्हा हाक आली. तीच, तशीच. या वेळी ती कोणाला होती, हे विचारत बसायची मालनबाईंना गरज वाटली नाही. वाटी खाली ठेवून, ओट्याला धरून त्या उठल्या.

"आले गो," म्हणाल्या.